चिंध्यांच्या पिशवीतल्या बाह्या

"या बाह्या तुझ्याच आहेत. माझे टाके मला ओळखू येत नाहीत असं वाटलं का तुला?"

मेल्व्हिना पार्डीने, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नॅनने, दोन्ही बाह्या टेबलावर पावाच्या साच्याशेजारी नीट मांडून ठेवल्या होत्या. फिकं निळं फ्लॅनेल, मनगटाला दुहेरी कफ, कफाला शिंपल्याचं बटण. खांद्याजवळ कात्रीने सरळ कापलेल्या.

"माझ्याच आहेत," ग्लेनिस म्हणाली. "नाही कुठं म्हणतेय मी?"

"नाताळातला गाऊन. सहा महिनेसुद्धा झाले नाहीत त्याला."

"नॅन, मी फक्त तीन तास झोपलेय. भांडण संध्याकाळी करू."

"संध्याकाळी तू कारखान्यात जाशील."

"म्हणूनच म्हटलं."

दुपारचे साडेबारा वाजले होते. खिडकीशी बसून हेडली शेवंडांच्या पिंजऱ्यांचे लाकडी तरंगते ठोकळे केशरी रंगाने रंगवत होता. बायको आणि आई यांच्या मधल्या रेषेत आपण येणार नाही अशा बेताने त्याने स्टूल सरकवून घेतलं होतं. चुलीजवळच्या डुलत्या खुर्चीत त्याची चुलतबहीण स्टेला चहा पीत बसली होती. ती शेजारीच राहते आणि रोज या वेळेला इथेच असते. दार वाजवून येण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या ऑटर बाइट गावात दार वाजवतो तो एकतर परका, नाहीतर पोलीस.

ग्लेनिसने अंगावर हेडलीचा हिवाळी कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. आत तो बिनबाह्यांचा गाऊन होता, आणि वरच्या झोपायच्या खोलीतून बाथरूमला जायचं तर जिना उतरून स्वयंपाकघरातूनच जावं लागे.

"ग्लेनिस, बरं नाही का तुला?" स्टेलाने विचारलं. "जून महिन्यात कोट घातलायस, आणि कपाळावरून तर घाम वाहतोय."

"तू चहा पी, स्टेला."

"पितेय गं. विचारलं आपलं."

ग्लेनिसच्या हातून चूक झाली होती ती एवढीच. बाह्या तिने चुलीत घालायला हव्या होत्या, किंवा कारखान्याच्या कचऱ्यात टाकायला हव्या होत्या. पण आमच्याकडे कापड कुणी फेकत नाही. हिवाळाभर बायका गोणपाटावर चिंध्या ओवून चटया करतात, आणि प्रत्येक घरात जिन्याखाली चिंध्यांची पिशवी टांगलेली असते. एकतीस वर्षं जुन्या कपड्याचा तुकडा हातात आला की ग्लेनिसचे पाय त्या पिशवीकडे वळत. बाह्या कापल्या आणि तिने सवयीने त्या तिथेच टाकल्या. नॅनची या वर्षीची होडीच्या चित्राची चटई जूनपर्यंत रेंगाळली होती. मंगळवारी तिला समुद्रासाठी निळा रंग कमी पडला आणि तिने पिशवी उपसली.

ग्लेनिस या घरात आली ती एकविसाव्या वर्षी, खाडीच्या पलीकडच्या गावातून. पहिल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सासूने तिच्या हातात तपकिरी कागदाचं पुडकं ठेवलं. आत फ्लॅनेलचा गाऊन होता. घोट्यापर्यंत लांब, उभी गळपट्टी, छातीवर चुण्या घातलेली जोडपट्टी, म्हणजे योक, हनुवटीखालपर्यंत सात बटणं. त्या रात्री खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ साचलं होतं आणि तो गाऊन म्हणजे दुसरं अंथरूणच वाटला होता. तेव्हापासून दर नाताळला एक. रंग बदलायचे, कधी फुलं, कधी रेघा. बेत तोच राहायचा. भिंतीला लावायच्या जुन्या कागदातून कापलेला तो बेत, म्हणजे गाऊनचा नमुना, नॅनच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात असे, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावत नसे. हेडलीच्या दोन्ही बहिणींनाही असेच गाऊन मिळत. एक टोरांटोला गेली, तिथे घरं इतकी गरम की ती उघड्या दंडांनी झोपते. तिच्या वाट्याचा गाऊन मात्र दर वर्षी पोस्टाने जातोच, आणि ती आभाराचं पत्रही दर वर्षी पाठवते.

कॉड माशाची मासेमारी बंद झाली आणि गावातला माशांचा कारखाना खेकड्यांचा झाला. तेव्हापासून ग्लेनिस रात्रपाळीला आहे. मे ते जुलै खेकडा येतो, आणि येतो तेव्हा थांबत नाही. संध्याकाळी सहाला रबरी बूट आणि पुठ्ठ्यासारखा कडक ॲप्रन चढवायचा, सकाळी सातला उतरवायचा, साडेसातला पावाला काकवी लावून खायचं, आणि अख्खं गाव जागं झालं की झोपायचं. पहिली दहा वर्षं ती झोपली. दगडासारखी झोपायची. स्टेला खालून हसली तरी तिला जाग येत नसे.

मग पन्नाशी आली. पाळी कधी यायची, कधी नाही, आणि अंगातून वाफा निघू लागल्या. पोटापासून निघून मानेपर्यंत चढायच्या, तोंड भाजल्यासारखं व्हायचं, पाठ भिजायची, आणि मग भिजलेल्या फ्लॅनेलमध्ये ती थंडीने कुडकुडायची. तासाभराने पुन्हा तेच. तिची खोली चुलीच्या बरोब्बर वर. जुन्या घरांत असते तशी मधल्या तक्तपोशीत लोखंडी जाळी आहे, खालची ऊब वर जावी म्हणून. जानेवारीत त्या जाळीचे उपकार वाटतात. जूनमध्ये नॅन आठ पाव भाजायला सकाळी नवाला चूल पेटवायची, तेव्हा त्याच जाळीतून ऊब, पावाचा वास आणि स्टेलाचा आवाज, तिन्ही वर यायचं.

तिने बरंच काही करून पाहिलं होतं. हेडलीचा बनियन घातला. झोपेत कूस बदलली की तो पिळा होऊन बरगड्यांभोवती आवळायचा. तिच्या मुलीने सेंट जॉन्स शहरातून पायजमा-सदरा पाठवला. त्याचं इलॅस्टिक पोटावर लाल वळ उठवायचं आणि वाफेच्या वेळी तिथेच खाज सुटायची. जवळच्या मोठ्या गावी जाऊन एक चमकदार गुळगुळीत गाऊन आणला. दुकानातली मुलगी म्हणाली होती की अंगावर आहे हे कळतसुद्धा नाही. कोरडा असेपर्यंत कळत नव्हतं. घाम आल्यावर तो पाठीला असा चिकटला की ग्लेनिसला आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतला मासा झालोय असं वाटलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "सुती घाल, सैल घाल, आणि खोली थंड ठेव." पहिल्या दोन गोष्टी तिच्या हातातल्या होत्या. तिसरीसाठी नॅनला पाव भाजू नका म्हणावं लागलं असतं.

आणि मे महिन्याच्या शेवटी तो प्रकार झाला. पहाटे चारच्या सुमाराला खेकडे वाहून नेणाऱ्या पट्ट्यापाशी उभी असताना तिचे डोळे मिटले. हात पट्ट्यावरच राहिला आणि हातमोज्याचं टोक रोलरखाली गेलं. पलीकडच्या बाईने पट्टा थांबवायचं लाल बटण दाबलं. हातमोजा गेला, बोटं राहिली. मुकादम वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, "ग्लेनिस, तेरा वर्षं काम करतेस म्हणून हे एकदा मी पाहिलं नाही. दुसऱ्यांदा पाहीन, आणि मग मोसम संपेपर्यंत घरी बसशील." घरी आल्यावर तिने ते फक्त हेडलीला सांगितलं. हेडली बराच वेळ तिची बोटं हातात धरून बसला आणि मग म्हणाला की आईला सांगू नको, तिला काळजी वाटेल.

त्या आठवड्यात ग्लेनिसने कात्री घेतली.

"मला एकच सांग," नॅन आता म्हणत होती. "गाऊन आवडत नव्हता तर तोंडाने का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी कमी चुण्या घालीन."

"मग?"

"मला चुण्या कमी नको होत्या, नॅन. मला झोप हवी होती."

"झोपेचा आणि बाह्यांचा काय संबंध? आम्ही काय झोपलो नाही?"

"तुम्ही रात्री झोपलात. चूल विझल्यावर. आणि तुमच्या उशाखाली स्टेला बसलेली नव्हती."

"मला का मध्ये घेतेस?" स्टेला म्हणाली.

"तू मध्येच असतेस."

हेडलीने घसा साफ केला. "आई, तिचा हात थोडक्यात वाचलाय कारखान्यात. झोप नाही म्हणून."

नॅनने त्याच्याकडे पाहिलं, मग ग्लेनिसच्या हातांकडे. बोटं मोजल्यासारखी नजर फिरली.

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"आणि मला आज कळतंय." तिने एक बाही उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली. एकोणऐंशी वर्षांची झाली तरी तिची बोटं कापडावर कधी चुकत नसत. "म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं. फक्त मी गाऊन शिवत बसते."

मग नॅन स्टेलाकडेही न बघता, हेडलीकडेही न बघता, त्या बाहीशीच बोलू लागली.

"घराला आग लागली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. फेब्रुवारी. बाबांनी आम्हाला खिडकीतून बाहेर काढलं. सगळं गाव बादल्या घेऊन आलेलं. सगळे पुरुष. माझ्या अंगावर पिठाच्या पोत्याचा गाऊन होता. सगळ्यांचेच असायचे तेव्हा. आई पोती धुऊन उन्हात टाकायची, अक्षरं जावीत म्हणून. माझ्या गाऊनची गेली नव्हती. पाठीवर कमरेखाली मोठ्या निळ्या अक्षरांत गिरणीचं नाव, आणि त्याखाली वजन. अठ्ठ्याण्णव पौंड. आगीच्या उजेडात सगळ्यांनी वाचलं."

स्टेलाने कप खाली ठेवला.

"पुढची नऊ वर्षं मला या गावात मेल्व्हिना कुणी म्हटलं नाही. अठ्ठ्याण्णव म्हणायचे. चर्चमध्येसुद्धा. हेडलीच्या बाबांनी लग्नाचं विचारलं तेव्हा मी आधी त्यांना विचारलं, तुम्ही मला काय म्हणणार. म्हणून ज्या दिवशी माझ्या हातात स्वतःचं कापड आलं त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरातली बाई रात्री घराबाहेर काढावी लागली तर तिला बघून कुणी हसणार नाही. गळा झाकलेला, हात झाकलेले, पाय झाकलेले. दवाखान्यात न्यावं लागलं तरी, मेली तरी. आता कळलं का बाह्या कशाला?"

हेडलीच्या हातातल्या कुंचल्यातून केशरी थेंब जमिनीवर पडला. आईकडून त्याने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. गावातल्या म्हाताऱ्यांना ती माहीत होती, आणि त्यांनी ती कधी पार्डींच्या घरात सांगितली नव्हती.

ग्लेनिस कोटात घामाने भिजत उभी होती. पुढे ती मला म्हणाली की त्या वेळी तिला रडू आलं होतं, आणि राग त्याहून जास्त आला होता.

"कळलं," ती म्हणाली. "एकतीस वर्षं मी घराला आग लागेल म्हणून अंग झाकून झोपतेय. आग काही लागली नाही, नॅन. मीच जळतेय."

ती जिना चढून वर गेली. नॅनने बाह्या उचलून ॲप्रनच्या खिशात घातल्या. समुद्र तिने दुसऱ्याच कापडाने पुरा केला.

पुढचे चार दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. मीठ दे. पाव कापलाय. पाऊस येईल, दोरीवरचे कपडे काढ. ग्लेनिस एकदाच जास्त बोलली. तिने बेत मागितला.

"कशासाठी?"

"गाऊन शिवायचाय. तुमच्याइतका सैल बेत दुकानात कुणाकडे नाही. त्यात कूस बदलली तरी कापड आपल्या जागी राहतं, कुठं ओढत नाही. एवढं एक मला तुमच्या गाऊनमधलं सोडायचं नाही."

नॅनला ही स्तुती समजली. तिने ती घेतली, आणि बेत दिला नाही.

तेव्हा ग्लेनिसने निळ्या गाऊनच्या उरलेल्या शिवणी उसवल्या. इस्त्री फिरवून तुकडे सपाट केले आणि तेच बेत म्हणून घेतले. कापड म्हणून लग्नातली सुती चादर काढली. इतकी वर्षं धुऊन ती मधोमध इतकी झिजली होती की उजेडाकडे धरली तर पलीकडची खिडकी दिसायची. कडा अजून भक्कम होत्या. झिजलेला भाग तिने पाठीसाठी ठेवला, कारण पाठच जास्त भिजते. गळा खोल आणि रुंद घेतला, डोक्यावरून नुसता ओढता यावा असा. बटण एकही नाही. गळपट्टी नाही, योक नाही, बाह्या नाहीत. लांबी गुडघ्यापर्यंत, कारण घोट्यापर्यंतचं कापड पायात अडकतं आणि माणूस जागं होतं. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या, म्हणजे अंगाला टोचायला काही नको.

आठवड्यात तिला सुट्टी फक्त रविवारी. रविवारी सुई हातात धरायची नाही हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. गेल्या पन्नास वर्षांत त्या स्वयंपाकघरात रविवारी एक टाका पडला नव्हता. ग्लेनिस चर्चमधून आली, टोपी काढली, आणि नॅनच्या पायमशीनवरचं झाकण उघडलं.

"आज?" हेडलीने हळूच विचारलं.

"आजच मी जागी आहे."

मशीन सुरू झाली. नॅनने आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बायबल उघडलं. दोन तासांत तिने एकही पान उलटलं नाही. एकदा दोरा तुटला, मशीन थांबली. ग्लेनिसला तो दोरा बॉबिनमधून पुन्हा काढता येईना. ती खटपट करत राहिली. भिंतीकडून आवाज आला, "डावीकडून." एवढंच. ग्लेनिसने दोरा डावीकडून घेतला आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

मंगळवारी सकाळी ग्लेनिस पाळीवरून आली, खाऊन वर गेली. नवाला चूल पेटली. अकराला स्टेला आली, आणि तिचा नवरा ॲम्ब्रोसही आला, कारण धुक्यामुळे होड्या निघाल्या नव्हत्या. बाराला हेडलीने त्यांना दुसरा चहा दिला. साडेबाराला जाळीतून वरची पलंगाची कुरकुर ऐकू आली, मग जिन्यावर पावलं.

ती कोट न घालता खाली आली.

उघडे दंड, उघडी पोटरी, मानेवर चिकटलेले केस. पांढऱ्या चादरीचा गाऊन, शिवणी बाहेर. खेकड्यांनी ओरबाडलेले मनगटापर्यंतचे हात लाल आणि त्यावरचे दंड दुधासारखे पांढरे. बाईचे दंड आमच्याकडे कुणी फारसे बघितलेले नसतात. ती चालत स्वयंपाकघर ओलांडून बाथरूममध्ये गेली. दार लागलं.

ॲम्ब्रोस खिडकीबाहेर बघू लागला, जिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

"अगं बाई," स्टेला कुजबुजली. "मेल्व्हिना काकू, पाहिलंत?"

"आंधळी नाही मी."

"पाठीकडून तर आरपार—"

"पाठीवर काही लिहिलेलं होतं का?" नॅनने विचारलं.

स्टेलाने कप तोंडाला लावला.

ग्लेनिस बाहेर आली. टेबलाजवळ थांबली, पेल्यात पाणी ओतून उभ्यानेच प्यायली. नॅनची नजर तिच्या खांद्यावरून खाली सरकत होती, शिंप्यासारखी, शिवणीशिवणीवर थांबत.

"डाव्या बगलेला ओढ आहे," नॅन म्हणाली.

"माहीत आहे. तुम्ही बेत दिला नाहीत."

"बेत दिला असता तरी तू तिथंच चुकली असतीस. बगल अर्धा इंच खाली घ्यायला हवी होती. बाही नसली की सगळा ताण तिथे येतो." ती थांबली. "हे काही चांगलं दिसतंय असं मी म्हणत नाही."

"मी तुम्हाला ते विचारलंही नाही."

"लोक काय म्हणतील ते मला ऐकावं लागेल."

"मला लागणार नाही. मी झोपलेली असेन."

हेडलीला हसू आलं आणि त्याने ते कपात लपवलं. नॅनने ते पाहिलं, पण त्याला काही बोलली नाही.

ग्लेनिसने पेला विसळून पालथा घातला. मग ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली, आणि सगळ्यांना दिसेल अशी वळून उभी राहिली. आवाज चढवला नाही. कारखान्यात पट्ट्यावर पुढच्या पाळीच्या बाईला काय काय उरलंय ते सांगतात, तसं तिने सांगितलं.

"मोसम संपेपर्यंत पाव संध्याकाळी भाजायचे, मी गेल्यावर. सकाळी न्याहारीनंतर चूल पेटवायची नाही. होडीची ती चटई तयार झाली की मी वर जाळीवर अंथरणार आहे. ज्याला यायचंय त्याने यावं, दाराला कडी मी लावणार नाही. पण मला खाली यावं लागलं तर मी याच गाऊनमध्ये येईन, आणि ज्याला बघायचं नसेल त्याने ॲम्ब्रोससारखं धुकं बघावं. असाच दुसरा मी येत्या रविवारी शिवणार आहे. आता मी झोपायला चालले."